रायगडचा किनारा आणि न आलेले इटालियन पोलाद

रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या किनाऱ्याचा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या समुद्राकडील पट्ट्याचा, वाहतुकीचा इतिहास सांगताना गलबते, कोकणबोटी, बैलगाड्या आणि पुढे एस.टी. यांना योग्य ते स्थान मिळते. सायकलीचा उल्लेख मात्र झालाच तर जाता जाता होतो. वास्तविक गावातल्या गावात आणि दोन खाड्यांमधल्या तुटक रस्त्यांवर कित्येक दशके सर्वाधिक उपयोगी पडलेले चाकाचे वाहन सायकल हेच होते, आणि ती सायकल कोणत्या घडणीची असावी हे या किनाऱ्यावर ठरले नाही, तर आयात कराच्या तक्त्यांत, परवान्यांच्या नियमांत आणि मुंबईच्या गोदीत ठरले. आज जुन्या पोलादी इटालियन शर्यतीच्या सायकली जमवण्याची आणि चालवण्याची हौस महाराष्ट्रातही रुजू लागली असताना, त्या सायकली आपल्या तारुण्यात येथे का पोहोचल्या नाहीत हा प्रश्न त्यांच्या घाटदार रूपाइतकाच विचार करण्याजोगा आहे.

या किनाऱ्याची भूमी सायकलीला एकाच वेळी अनुकूल आणि प्रतिकूल होती. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी किनारा तोडलेला असल्यामुळे सलग रस्ता नव्हता. पूल होण्यापूर्वी प्रवासी तरीने किंवा मचव्याने पैलतीर गाठत, आणि बैलगाडीला जे सहजी साधत नसे ते सायकलीला साधे, कारण ती उचलून होडीत आडवी ठेवता येई. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या जांभ्याच्या अरुंद पाखाड्या, भातखाचरांचे बांध आणि ओहोटीच्या वेळी घट्ट होणारी पुळण यांवरून जाणारी ही सायकल बहुधा एकाच जातीची असे : मोठ्या, २८ इंची चाकांची, काळ्या रंगाची, ब्रेकसाठी तारेऐवजी लोखंडी सळ्या असलेली आणि एकाच गतीची, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाने किती अंतर कापावे हे कायमचे ठरलेली. मागे भक्कम कॅरिअर, साखळीवर पत्र्याचे झाकण आणि एकूण वजन २० किलोच्या आसपास. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स, हंबर ही नावे तिच्या दांडीवर असत. पोस्टमन, प्राथमिक शाळेतले गुरुजी, पाव विकणारा आणि मासळीची पाटी मागे बांधून आतल्या गावांकडे निघणारा विक्रेता यांचे काम तिच्यावर चाले. ज्यांना ती विकत घेणे परवडत नसे त्यांच्यासाठी बाजारपेठेच्या गावांत तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती, आणि दांडीखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकणाऱ्या मुलांचे पहिले पडणे-झडणे याच भाड्याच्या सायकलींवर झाले.

त्याच काळात इटलीच्या उत्तर भागात सायकलीची एक वेगळीच परंपरा घडत होती. एदोआर्दो बियांकी याने १८८५ साली मिलानमध्ये आपली कार्यशाळा सुरू केली; १९०९ साली जिरो दि'तालिया ही देशव्यापी शर्यत सुरू झाली आणि शर्यतीच्या सायकली बनवणाऱ्या लहान कारागिरांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. आंजेलो लुइजी कोलोंबो याच्या मिलानमधील कारखान्यातून कोलंबस या नावाने येणाऱ्या नळ्या या परंपरेचा कणा होत. त्या मिश्रपोलादाच्या असत आणि त्यांची भिंत दोन्ही टोकांशी जाड व मधे पातळ ठेवलेली असे. पुढे नावाजलेल्या ‘एसएल’ प्रकारात ही जाडी टोकाला ०.९ आणि मधे अवघी ०.६ मिलिमीटर होती. जोडाच्या ठिकाणी ताण अधिक येतो म्हणून तेथे धातू अधिक, इतर ठिकाणी वजन वाचवावे, असा त्यामागचा हिशेब होता. या नळ्या ‘लग’ नावाच्या पोलादी खोबणीत बसवून पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूने झाळल्या जात, आणि लगच्या कडा कानशीने घासून इतक्या नाजूक केल्या जात की कारागिराची ओळख नावापेक्षा त्या कडांवरून पटावी. चिनो चिनेल्ली, मिलानच्या विगोरेल्ली सायकल-धावपट्टीखाली कार्यशाळा थाटणारा फालिएरो माझी, उगो दे रोझा आणि कांबियागो गावचा एर्नेस्तो कोलनागो ही या परंपरेतील मातब्बर नावे. एदी मर्क्स याने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापण्याचा विक्रम केला तो कोलनागोने बांधलेल्या सायकलवर. सुट्या भागांत विचेन्झाच्या तुल्लिओ काम्पान्योलो याचा शब्द प्रमाण मानला जाई. चाक खोलण्यासाठी पाना लागू नये म्हणून त्याने काढलेला कळीचा दांडा, म्हणजे एक पट्टी उलटवताच आस सैल करणारी योजना, आणि साखळी एका दातचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी गिअरची यंत्रणा यांमुळे ही सायकल केवळ हलकी न राहता चढउताराच्या मुलखाशी जुळवून घेणारी झाली.

अशी सायकल कुलाब्याच्या किनाऱ्यावर का आली नाही याचे ‘महाग होती’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. महाग तर मोटारही होती, आणि ती आली. स्वातंत्र्यापूर्वी ब्रिटिश मालाला बाजार खुला होता आणि १९३२ च्या ओटावा करारानंतर साम्राज्यातील मालाला आयात करात सवलत देण्याचे धोरण अधिक पक्के झाले. १९३५ साली इटलीने इथिओपियावर स्वारी केल्यावर राष्ट्रसंघाने तिच्या व्यापारावर निर्बंध लादले, आणि जून १९४० मध्ये तर इटली शत्रुराष्ट्रच ठरली. युद्धानंतर देशी सायकल उद्योगाला संरक्षण मिळाले. असनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळच्या अंबत्तूरची टीआय सायकल्स, सोनीपतची अ‍ॅटलास आणि लुधियानाची हीरो असे कारखाने दशकभराच्या आत उभे राहिले, आणि १९५०-५१ मध्ये वर्षाला एक लाखाच्या आसपास असलेले उत्पादन १९६०-६१ पर्यंत दहा लाखांपलीकडे गेले. गरीब देशाने आपल्या लोकांना स्वस्त, टिकाऊ सायकल पुरवण्याचे काम या धोरणाने उत्तम केले, हे मान्य करावेच लागते; परंतु तयार परदेशी सायकलीला दार बंद झाले आणि देशी कारखान्यांना जुन्या इंग्रजी नमुन्यातून बाहेर पडण्याचे कारणही उरले नाही, ही त्याची दुसरी बाजू होय.

विशेष असे की, याच बंद दारातून इटलीची इंजिनाची वाहने मात्र परवान्याने आत आली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला फियाट ११०० बांधली, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा आणली, आणि पिआज्जोच्या परवान्याने बजाजची व्हेस्पा व तिच्या मागोमाग तीनचाकी रिक्षा रस्त्यावर आली. अलिबागच्या रस्त्यांवर इटालियन रचनेचे चाक फिरले ते असे, पेट्रोलच्या धुरासह. खुद्द इटलीतही स्कूटर आणि छोटी मोटार यांनीच सायकलीचे रोजचे गिऱ्हाईक पळवले होते, आणि १९८० साली बियांकीची मालकी ज्या पिआज्जोकडे गेली ती व्हेस्पा बनवणारीच कंपनी होती. सायकलीपुरते बोलायचे तर बहुसंख्य मुंबईकरांनी पाहिलेली पहिली इटालियन सायकल बहुधा पडद्यावरची असावी : जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वित्तोरिओ दे सिका याचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला, आणि त्यातली सायकल शर्यतीची नव्हती, पोटाची होती. कोकणातल्या प्रेक्षकाला ती परकी वाटण्याचे काही कारण नव्हते.

शर्यतीची हौस मात्र मुंबईत होती आणि तिचा मार्ग याच जिल्ह्यातून जात होता. मुंबई वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर १९२३ मध्ये सायकलीवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने सायकलपटू पाठवले तेव्हा रोहिंटन नोबल, आदी हवेवाला यांच्यासारखे पारशी खेळाडूच संघात ठळक होते. मुंबई–पुणे शर्यत पनवेलवरून खोपोलीला येते आणि तेथून बोरघाट चढते. १८३० साली वाहतुकीस खुला झालेला हा घाटरस्ता जवळजवळ ५०० मीटर उंची गाठतो, वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते, आणि सर्वांत आधी माथ्यावर पोहोचणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. या किताबामुळे शर्यतीचे खरे मैदान पुणे नसून रायगड जिल्हा आहे, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. हलकी चौकट आणि बदलता गिअर यांची किंमत ज्या एका ठिकाणी प्रत्येकाला कळावी असे हे ठिकाण; तरीही इटालियन यंत्राबद्दल फार भाबडे असू नये, कारण काम्पान्योलोच्या १९६७ नंतरच्या नुओवो रेकॉर्ड संचात पुढचे लहान दातचक्र साधारण ४२ दात्यांचे आणि मागचे मोठ्यात मोठे २६ दात्यांचे बसे, आणि एवढ्या जड गिअरने बोरघाट चढणे हे तरुण व तयारीच्या पायांचेच काम होते.

सायकल आली नाही, तरी तिच्यामागच्या काही कल्पना निनावीपणे आल्या. कळीचा दांडा आज गिअरच्या असंख्य सायकलींवर आहे. १२ जून १८९७ रोजी बारा इटालियन स्वारांनी रोम ते नापोली हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात कापण्याचा प्रयत्न केला, त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणजे धाडसी म्हटले गेले, ती कल्पना फ्रान्समध्ये जाऊन नियमबद्ध झाली, आणि २०१० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या सायकलस्वारांत ‘ब्रेव्हे’ या नावाने रुजली. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक वेळेत, कुणाच्या मदतीविना, ठरलेले अंतर पुरे करायचे असते, आणि २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचा शेखाडी–श्रीवर्धन हा समुद्राला अगदी चिकटून जाणारा तुकडा, किंवा दिघी-आगरदांडा आणि बागमांडला-वेसवी येथील जंगर, म्हणजे वाहने नेणारी सपाट बोट, हे लांब पल्ल्याच्या स्वारांच्या परिचयाचे आहेत ते याच काळापासून.

जुन्या इटालियन सायकलीची जगभरची हौस इटलीच्याच एका उपक्रमाने वाढवली. १९९७ पासून तोस्कानातील गायोले गावी होणाऱ्या ‘लेरोइका’ या मातीच्या पांढऱ्या रस्त्यांवरील फेरीत १९८७ पूर्वीच्या घडणीच्याच सायकली चालतात. गिअरच्या कळा चौकटीच्या खालच्या नळीवर हव्यात, पायडलला पट्टे हवेत, आणि ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या गेलेल्या हव्यात. रायगडच्या तांबड्या मातीच्या वाटा त्या पांढऱ्या रस्त्यांहून दिसायला कमी नाहीत. पण तोस्कानातील हवा कोरडी आहे. येथे पोलादाचे खरे शत्रू खारी हवा आणि पाऊस. पावसाचे पाणी बैठकीच्या नळीतून आत उतरते, पायडलच्या आसाच्या नळकांड्यात साचते आणि ०.६ मिलिमीटरची भिंत आतून खाते, बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो. म्हणून जाणकार मालक नळ्यांच्या आत जवसाच्या तेलाचा हात फिरवून ते वाळू देतात आणि आसाच्या नळकांड्याला पाणी निथळण्याचे भोक आहे की नाही हे पाहतात. याहून कपटी प्रकार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची बैठकीची दांडी पोलादी नळीत चिकटून बसणे : दोन धातूंमध्ये खारे पाणी शिरले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियमचा भुगा फुगतो आणि दांडी हलेनाशी होते. तिला दर पावसाळ्याआधी व नंतर काढून ग्रीस लावणे हाच उपाय.

टायरचे दुखणे निराळे. शर्यतीच्या जुन्या चाकांवर बहुधा ट्यूब आत ठेवून शिवलेला आणि रिमला डिंकाने चिकटवलेला टायर असे. त्याचे पंक्चर काढायचे तर शिवण उसवून पुन्हा घालावी लागते, आणि रस्त्यावर घमेल्यात पाणी घेऊन बसलेल्या कारागिराकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे. डोळवी आणि साळाव येथे मोठे लोह-पोलाद प्रकल्प असूनही या किनाऱ्यावर अशा चौकटीला जुळणारी बारीक नळी मिळत नाही, कारण तेथले उत्पादन वेगळ्याच प्रमाणाचे आणि प्रयोजनाचे आहे. आणि पायडलच्या आसाच्या वाट्या तर थेट इतिहासातच अडकतात. इंग्रजी पद्धतीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात, त्यामुळे चालवताना ती आपोआप सैल होत नाही. भारतीय कारागिराचे हात पिढ्यान्‌पिढ्या याच सवयीचे आहेत. इटालियन पद्धतीत नळकांडे ७० मिलिमीटर रुंद, आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे आणि दोन्ही बाजूंना सुलटेच, त्यामुळे उजवी वाटी पुरेशी घट्ट आवळली नाही तर काही दिवसांत ढिली पडते, आणि इंग्रजी सवयीने ती उलट दिशेने खोलू गेल्यास अधिकच आवळली जाऊन आटे मरतात. तसे झाल्यास त्या मापाची नवी वाटी बाहेरून मागवावी लागते.