किल्लेदाराचा नातू : आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावकरी मंडळी व मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग भागात राहणारे देणगीदार बंधुभगिनी यांच्या सहकार्याने पार पडत आहे. अशा मंगल प्रसंगी एका थोर देशभक्ताचे स्मरण करणे उचित ठरेल.

धोबीतलावावरून मेट्रो सिनेमाकडे जाताना जो चौक लागतो, त्यास वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. रोज हजारो माणसे तेथून जातात. परंतु हा पुरुष कोण, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

वासुदेवरावांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घराण्याची किल्लेदारी संपली. नातवावर मात्र परक्यांच्या कचेरीत कारकुनी करण्याची वेळ आली. मुंबईस रेल्वेत व पुढे लष्करी हिशेबखात्यात त्यांनी नोकरी केली. १८६५ साली ते पुण्यास गेले.

तेथे असता आई अत्यवस्थ असल्याचे कळले. त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेली होती. वर्षश्राद्धासही रजा नाकारली गेली. सरकारी नोकरीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे दुःख वेगळे सांगावयास नको.

पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नान्न करून मेली. हे पाहून वासुदेवरावांनी शस्त्र उचलण्याचा निश्चय केला. तालमीचे शिक्षण त्यांना लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे मिळाले होते. शिकल्यासवरल्या लोकांनी साथ दिली नाही. साथ दिली ती रामोशी बांधवांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे पहिला छापा पडला. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नरच्याच शिरासाठी इनाम जाहीर केले!

परंतु पैसा हाती येताच काही सोबत्यांची पावले घराकडे वळू लागली. खिन्न मनाने ते श्रीशैलम येथे मल्लिकार्जुनाच्या चरणी गेले. देवापुढे देह ठेवावा, असेही मनात आले. तेथेच त्यांनी आत्मवृत्त लिहिले आणि पुन्हा कार्यास लागले. मे महिन्यात पळस्पे व चिखली येथील छाप्यांनंतर त्यांचे विश्वासू सहकारी दौलतराव नाईक चकमकीत पडले. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावडगी येथे, तापाने ग्रासलेले असता, वासुदेवराव पकडले गेले.

पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी व महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप होऊन त्यांची रवानगी एडनला झाली. तेथेही ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचे दार उखडून ते निसटले. पण परका मुलुख, लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी परमुलुखात देह ठेवला.

बंड फसले, पण व्यर्थ गेले नाही. एकट्याने मंदिर उभे राहत नाही, तसेच राज्यही येत नाही. मात्र पहिला दगड कोणीतरी ठेवावा लागतो. तो ठेवणाऱ्या या वीरास आम्हा सर्व ग्रामस्थांचे विनम्र अभिवादन!