वकिलाचे घर

दुबईच्या खाडीकाठी, बर दुबईच्या कापडबाजारानजीक, ‘बेत अल-वकील’ नावाची एक जुनी व्यापारी वास्तू उभी आहे. वकील म्हणजे येथे कायदेपंडित नव्हे, तर प्रतिनिधी. पेशवाईच्या दरबारी कागदांतही हा शब्द ह्याच अर्थाने येतो. पुढे १९५८ मध्ये दुबईचे शासक झालेले शेख रशीद ह्यांनी १९३५ च्या सुमारास ती ग्रे मॅकेन्झी ह्या ब्रिटिश पेढीसाठी बांधविली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींची अडत ह्याच पेढीकडे होती.

जुन्या दुबईच्या अशा वास्तूंत परदेशीची सामग्री पुष्कळ दिसते. भिंतींचा प्रवाळी दगड तेवढा जवळच्या समुद्रातला. तो सच्छिद्र असल्याने उन्हाची झळ आत पोचू देत नसे. छताचे वासे पूर्व आफ्रिकेच्या खारफुटीचे, तर दारांचा साग हिंदुस्थानातला. हे वासे आखूड असत, म्हणून खोल्या अरुंद व लांबट होत. खोलीची रुंदी अशा रीतीने समुद्रापलीकडचे झाड ठरवीत असे.

मुंबई व इराणी आखात ह्यांमधील ह्या कंपनीची बोटसेवा १८६२ पासून १९८२ पर्यंत चालली. खाडी उथळ असल्याने मोठी बोट बाहेर नांगर टाकी आणि उतारू पडावांतून किनारा गाठीत. ह्या प्रवासाचे मोलही जबर होते. ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईनजीक ‘दारा’ बोटीवर स्फोट होऊन २३८ जीव गेले.

करारबद्ध मजुरांच्या वंशजांस हा इतिहास परका वाटणार नाही. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांनीही मुंबई बंदरातच स्वदेशाचा निरोप घेतला होता. आखाताच्या उतारूपाशी तिकीट होते, मजुरापाशी करार; हा भेद लहान नव्हे. पोर्ट लुईच्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढताच मजुराला क्रमांक मिळे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दुबई नगरपालिकेने वकिलाच्या घराचा जीर्णोद्धार केला. आप्रवासी घाटाचा थोडाच भाग उरला. २००६ मध्ये त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. ज्या घरातील वडीलधारी माणसे आज हयात आहेत, त्यांनी मुलांना पूर्वजांचे नाव, गाव व क्रमांक सांगून ठेवावा. दगडी भिंत पुन्हा उभारता येते; विसरलेले नाव मात्र सहसा परत मिळत नाही.