लातूर रेल्वे स्थानक: छोट्या गाडीपासून पाण्याच्या गाडीपर्यंत
लातूर हे मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातील स्थानक आहे. इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची सेवा १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. अडीच फूट रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग १९११ मध्ये तेव्हाच्या निजाम राज्यातील लातूरला पोहोचला, तर १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये ही खासगी रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. २००८ पर्यंत लातूर–कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पुणे-मुंबईची वाट सोपी झाली.

एप्रिल २०१६ च्या दुष्काळात याच मार्गाने मिरजेहून ‘जलदूत’ गाडी आली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. पुढे ५० वाघिणींतून २५ लाख लिटर येऊ लागले.