मरी (ऑस्ट्रेलिया)
मरी : दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या वाळवंटी उत्तर भागातील छोटे गाव. लोकसंख्या शंभराच्या आसपास. ॲडिलेडच्या उत्तरेस सुमारे ६८५ किमी. अंतरावर, बर्ड्‌सव्हिल व ऊडनडॅटा या वाटा जिथे मिळतात तिथे ते वसले आहे. वार्षिक पाऊस २०० मिमी.हूनही कमी. हा मूळचा अरबाना व दिएरी लोकांचा मुलूख.

१८५९ मध्ये जॉन मॅकडूअल स्ट्यूअर्टच्या मोहिमेतील डेव्हिड हेरगॉट याला येथे पाण्याचे झरे सापडले आणि ठिकाणाला त्याचे नाव पडले. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे नकोशी झाल्याने १९१८ मध्ये ‘मरी’ हे नाव आले.

१८८४ मध्ये रेल्वे येथवर पोहोचली आणि गाव उंटांच्या तांड्यांचे मोठे ठाणे बनले. मेंढ्यांच्या दूरदूरच्या कुरणांकडे पीठ, चहा, साखर जाई; परतताना उंटांच्या दोन्ही अंगांना लोकरीचे गठ्ठे लादलेले असत. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. प्रत्यक्षात त्यांतले अनेकजण बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रदेशांतून आले होते. त्यांनी मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली मशीद बांधली. तिच्यासमोर वजूसाठी छोटे कुंड होते. खजुराची झाडेही त्यांनीच लावली. तरीही रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व आदिवासी, अशी गावाची फाळणी दीर्घकाळ टिकली. १८९६ च्या कॅल्व्हर्ट शोधमोहिमेत उंट सांभाळणारा बलुची दरवेश बेजा येथेच राहत असे; तो १९५७ मध्ये वारला.

मोटारी आल्यावर उंटांचे काम संपले. बर्ड्‌सव्हिलपर्यंतच्या सुमारे ५१७ किमी. वाटेवर मालमोटारीने टपाल नेणारा टॉम क्रूझ ‘द बॅक ऑफ बियाँड’ (१९५४) या माहितीपटामुळे देशभर ओळखला गेला. १९५७ मध्ये दक्षिणेकडून प्रमाण रुंदीचा लोहमार्ग आला. पुढे ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणारा मार्ग अरुंदच राहिल्याने माणसे आणि माल येथे गाडी बदलत, आणि त्या अदलाबदलीवर गावाची रोजीरोटी चाले. १९८० मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला जाणारा नवा मार्ग दूर पश्चिमेकडून, टार्कूलावरून गेला. पाठोपाठ १९८६ मध्ये दक्षिणेकडील मार्गही बंद पडला आणि गाव ओसरले.

आज येथील व्यवहार आसपासची गुरांची कुरणे आणि पर्यटक यांवर चालतात. जुने स्थानक, डिझेल इंजिने, १८८३ चे हॉटेल व मशिदीची प्रतिकृती ही येथील प्रेक्षणीय स्थळे. पावसाळी वर्षांत एअर सरोवर भरले की ते विमानातून पाहण्यासाठीही प्रवासी येथे येतात.