तळटीप १७
‘ढगात शिरणारी विमाने’ : अणुस्फोटाच्या ढगात बॉम्बचेच अवशेष तरंगत असतात. युरेनियम-प्लुटोनियमपैकी प्रत्यक्षात किती फुटले, हे त्यांच्या रासायनिक पृथक्करणावरून कळते. १९४६ साली बिकिनी येथे अमेरिकेने यासाठी वैमानिकाविना उडणारी बी-१७ विमाने वापरली. १९४८ च्या एनिवेटॉक चाचण्यांत मात्र माणसे असलेले एक विमान नकळत ढगातून गेले आणि सुखरूप परतले. मग वैमानिक पाठवण्याचा विचार बळावला. १९५२ च्या ‘माइक’ या हायड्रोजन-स्फोटासाठी एफ-८४जी हे लढाऊ जेट आले. वेगामुळे ढगातला मुक्काम थोडा, आणि आसन एकच असल्याने किरणोत्सर्ग झेलणाराही एकच. पंखांच्या टोकांवरील टाक्यांत गाळणकागद बसवत. विमान उतरल्यावर तो लांब दांड्यांनी काढून शिशाच्या पेटीत बंद करत. आइन्स्टाइनियम हे मूलद्रव्य प्रथम अशाच कागदांवर सापडले. पण या विमानाचा पल्ला व उंची दोन्ही तोकडी. ‘माइक’चा ढग त्याच्या आवाक्याबाहेर चढला, त्याच दिवशी इंधन संपून एक विमान समुद्रात कोसळले, वैमानिक दगावला. १९५६ पासून दोन इंजिनांच्या, दोन आसनांच्या बी-५७ विमानांवर भर आला तो यामुळेच. — संपा.