होम इन्स्पेक्टर कसा निवडायचा? फ्लॅटचा ताबा घेण्याआधी हे वाचा

आज मोबाईल नाही, घर. पण विषय आपलाच आहे, कारण यात ॲप आहे, थर्मल कॅमेरा आहे आणि माझी एक चूकही आहे.

दादाने पुण्यात नवीन फ्लॅट घेतला. ताब्याआधी तपासणीसाठी मीच ऑनलाइन शोधून एक होम इन्स्पेक्टर बुक केला. रेटिंग चांगलं होतं, एवढंच बघितलं. मुलगा आला, टॅबवर फोटो काढत फिरला आणि पाऊण तासात गेला. संध्याकाळी 60 पानांचा चकाचक पीडीएफ आला. रंगाचे ओघळ, दाराला चरा, कडीचा स्क्रू सैल. बिल्डरने हे सगळं पटकन करून दिलं, आम्ही खूश! राहायला गेल्यावर दोन महिन्यांत बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले. रिपोर्टमध्ये बाथरूमच्या पानावर लिहिलं होतं, 'ठीक'. त्याने तिथे एक बादली पाणीसुद्धा ओतलं नव्हतं.

'सर्टिफाइड' म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत टेक्सास, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत होम इन्स्पेक्टरला राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं. आपल्याकडे या कामासाठी असं वेगळं सरकारी लायसन्स नाही. म्हणजे उद्या मी किंवा तुम्हीही 'होम इन्स्पेक्टर' म्हणून पेज उघडू शकतो. वेबसाइटवर 'सर्टिफाइड' दिसलं तर सर्टिफिकेट कोणाचं आहे ते विचारा. परदेशी संघटनांचे ऑनलाइन कोर्स असतात, ते वाईट नसतात, पण ते लायसन्स नव्हे. त्यापेक्षा सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा आणि साइटवरचा अनुभव मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि कंपनीच्या मालकाची डिग्री नको, जो माणूस प्रत्यक्ष येणार त्याची विचारा.

ब्रोकरने किंवा बिल्डरने सुचवलेला माणूस शक्यतो नकोच. त्याला पुढचं काम कोणाकडून मिळणार आहे, याचा विचार करा.

उपकरणं बघून भुलू नका

थर्मल कॅमेरा बघून आपण लगेच इम्प्रेस होतो. पण तो पाणी दाखवत नाही, फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. ओली भिंत बाष्पीभवनामुळे थंड होते म्हणून निळसर दिसते. एसीची हवा लागलेली भिंतही तशीच दिसते! म्हणून संशयाच्या जागी मॉइश्चर मीटर लावायलाच हवा. त्यातही एक गोम आहे. दोन पिनांचे बरेच मीटर लाकडासाठी कॅलिब्रेट केलेले असतात, त्यामुळे गिलाव्यावर आलेला टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. आधी कोरड्या भिंतीवर रीडिंग घ्यायचं, मग संशयाच्या जागी, आणि दोन्हींची तुलना करायची. बुक करण्याआधी फोनवर एवढंच विचारा: "ओल कशी तपासता?" उत्तरात नुसता कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर आला तर पुढचा नंबर लावा.

बाथरूमसाठी तर कॅमेराही लागत नाही. जाळी बंद करून पाणी साठवायचं, 24 तासांनी खालच्या मजल्याचं छत आणि शेजारची भिंत बघायची. एका भेटीत हे होत नाही, म्हणून दुसरी भेट फीमध्ये धरली आहे का ते आधीच ठरवा.

विजेचंही तसंच. आपण काय करतो? प्रत्येक सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघतो. पण दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग लागतच नाही, त्यामुळे फोन चार्ज होतो आणि अर्थिंग नाही हे कळतच नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर अर्थिंग जोडलेलं आहे का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का ते सांगतो. अर्थिंग किती चांगलं आहे हे मात्र तोही सांगत नाही, त्यासाठी वेगळं मोजमाप लागतं. चांगला माणूस ही मर्यादा स्वतःहून सांगतो.

लेझर मीटरने कार्पेट एरिया मोजून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. हे माहीत नसलेला माणूस चुकीचा आकडा देईल आणि तुम्ही बिल्डरशी उगाच भांडाल.

जुना रिपोर्ट मागा

नाव-पत्ता झाकलेला एखादा जुना रिपोर्ट मागून बघा. पानं मोजू नका. प्रत्येक दोषापुढे जागा, तारीख, फोटो आणि रीडिंग आहे का ते बघा. याचं कारण कायद्यात आहे. रेरा कायदा 2016 च्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तिथे 'भिंत खराब वाटते' असं लिहून चालत नाही. कळवायचं तेही लेखी, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने. नुसत्या व्हॉट्सॲप मेसेजवर राहू नका.

जुना, रिसेलचा फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी. काँक्रीटच्या आतली सळई गंजली आहे का, हे असा इन्स्पेक्टर नुसतं बघून सांगू शकत नाही. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा व्हायला हवं. रिपोर्ट नसेल तर महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

दादाच्या घरी शेवटी ओळखीतले एक सिव्हिल इंजिनिअर काका आले. बॅगेत मीटर, हातोडी आणि खडू. ठोकून पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने फुल्या मारल्या, पाणी साठवलं, दुसऱ्या दिवशी परत येऊन भिंतीची रीडिंग घेतली. रिपोर्ट फक्त 6 पानांचा. तो जोडून दादाने बिल्डरला लेखी कळवलं. थोडी टाळाटाळ झाली, पण बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करून मिळालं. त्या दिवसांत सगळे अंघोळीला माझ्या भाड्याच्या खोलीवर येत होते, आणि वहिनी रोज विचारायची, "तुझा तो टॅबवाला कुठे असतो रे सध्या?"