धावपटू ते दरोडेखोर : पानसिंग तोमरची शोकांतिका

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

तीन हजार मीटर स्टीपलचेस ही अत्यंत खडतर शर्यत. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडून ती पूर्ण करावी लागते. या शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद सात वेळा पटकावणारा पानसिंग तोमर १ ऑक्टोबर १९८१ रोजी पोलिस चकमकीत मारला गेला, तेव्हा त्याची ओळख उरली होती ती चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोर म्हणून.

मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यातील भिडोसा हे त्याचे गाव. १९३२ मध्ये जन्मलेल्या पानसिंगमधील धावपटू पुढे आला तो लष्करात. १९५८ च्या टोकियो आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले. सुभेदार पदापर्यंत पोहोचलेला पानसिंग १९७७ मध्ये मुदतपूर्व निवृत्ती घेऊन गावी परतला.

गावी शेतजमिनीवरून भाऊबंदांशी वाद पेटला होता. त्याने प्रशासनाकडे दाद मागितली. मात्र त्याची पदकेही तेथे कामी आली नाहीत, असे सांगितले जाते. वृद्ध आईला मारहाण झाल्यानंतर त्याने बंदूक उचलली. प्रतिस्पर्ध्याचा खून करून तो खोऱ्यात फरार झाला. पुढे टोळी उभी राहिली. खून आणि अपहरणांचे सत्र सुरू झाले. सरकारने त्याच्यावर बक्षीस जाहीर केले. अखेर भावासह अनेक साथीदार गमावल्यानंतर त्याचाही अंत झाला.

तिग्मांशू धुलिया दिग्दर्शित आणि इरफान खान अभिनीत चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि विस्मृतीत गेलेला पानसिंग घराघरांत पोहोचला. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, तर इरफान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र सहानुभूतीच्या भरात त्याच्या बंदुकीला बळी पडलेल्यांचा विसर पडू नये.

उपेक्षित खेळाडू गुन्हेगारीकडे वळतो, हा सरळसोट निष्कर्षही अपुरा ठरतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या वाट्यालाही उपेक्षाच आली. मुंबई पोलिस दलात सेवा केलेल्या खाशाबांना निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८४ मध्ये अपघाती निधन झालेल्या या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तरीही त्यांनी कायद्याची वाट सोडली नाही.

पानसिंगच्या ऱ्हासाचे मूळ मानसन्मानाच्या अभावापेक्षा वेळेवर न मिळालेल्या न्यायात अधिक आहे. बांधावरून होणारी भांडणे मराठवाड्यालाही नवी नाहीत. तहसील आणि पोलिस ठाण्याच्या पायरीवर तक्रारीची दखल वेळीच घेतली गेली, तर असे अनेक गुन्हे घडण्यापूर्वीच टळू शकतात. खुनाचे समर्थन न करताही पानसिंगच्या आयुष्यातून एवढा बोध निश्चितच घेता येतो.